साठ किलोंचं गायरान

विमान इंधनावर नव्हे, माणसाच्या निश्चयावर उडतं. हे वाक्य माझं आहे. नांदेडच्या एका सभागृहात अडीचशे श्रोत्यांसमोर, अंगावर शाल असताना मी ते उच्चारलं आणि टाळ्या घेतल्या. पुढे उदगीरच्या धर्मकाट्यावर उभं राहिल्यावर मला समजलं, की विमान वजनावर उडतं. म्हणजे वजन कमी असलं तर उडतं. ही गोष्ट माझ्या मुलीनं मला दहा महिने आधी, आमच्याच स्वयंपाकघरात, पोह्यांची बशी बाजूला सारून सांगितली होती. त्यावर मी "बरोबर आहे" म्हणाल्याचं आठवतं. मी बऱ्याच गोष्टींना बरोबर आहे म्हणतो.

विमान माझ्या मुलीनं काढलं, सुकन्यानं. हे खरं म्हणजे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. पण मधले सहा महिने वर्तमानपत्रांत पहिल्या ओळीत मीच होतो, त्याची सवय लागली आहे. मी लातूरला जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहाय्यक आहे. शिक्षण बी. ए., विषय राज्यशास्त्र. यंत्रांपैकी मला स्टेपलर नीट वापरता येतो. सुकन्या विमानाची इंजिनिअर झाली ती तिच्या आईच्या, म्हणजे रेणुकाच्या हट्टामुळे. त्या वेळी मी "बघू" म्हणालो होतो.

तर त्या सकाळी तिनं टेबलावर कागद पसरला. दोन माणसांचं हलकं विमान, पंख वर, तीन चाकं, पुढं पंखा. या जातीच्या विमानाचं सगळं मिळून वजन सहाशे किलोंच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. तिनं बोटावर हिशेब सांगितला. रिकामं विमान तीनशे वीस. माणसं दोन, पंच्याऐंशी प्रमाणे एकशे सत्तर. पेट्रोल पन्नास. झाले पाचशे चाळीस.

"आणि उरलेले साठ?" मी विचारलं. शासकीय नोकरीत माणसाची नजर आधी शिल्लक रकान्यावर जाते.

"ते कुणाचेच नाहीत, बाबा. अडीअडचणीला ठेवलेत. त्यांना हात लावायचा नाही."

जे कुणाचंच नसतं त्याचं आपल्याकडं काय होतं, हे मी पंचवीस वर्षं फायलींत बघत आलो आहे. त्याला गायरान म्हणतात. आधी एक जण शेळी बांधतो. मग खुंटीभोवती चार पत्रे येतात. मग पत्र्यांना वीजजोड मिळतो, आणि मग माझ्या टेबलावर अर्ज येतो, की आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहतो. हे सगळं मला माहीत होतं. तरी साठ किलोंचं ते गायरान तिनं माझ्या ताब्यात दिलं. तिला आणखी कोण होतं?

"आणि हे पंच्याऐंशी कुणाचे धरलेस?" रेणुकानं चहा ओतता ओतता विचारलं.

"बाबांचे. मागच्या महिन्यात दवाखान्यात केलं ना वजन, तेच घेतलंय. एका सीटवर पायलट, दुसऱ्यावर बाबा."

मी बशीत चहा ओतला. चहा गरम होता.

विमान बांधायचं ठिकाण ठरलं उदगीर. तिथं माझे साडू वैजनाथ यांचं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या, पेरणी यंत्रं, वखर, लोखंडी पलंग असा माल निघतो. वैजनाथची ट्रॉली म्हणजे पंचक्रोशीत नाव. एकदा उसानं भरलेली त्यांची ट्रॉली पुलावरून ओढ्यात गेली. ऊस गेला, ट्रॅक्टर गेला, पुलाचा कठडा गेला. ट्रॉली काढून, धुऊन, दुसऱ्या दिवशी कारखान्यावर पाठवली. वैजनाथ ही हकिगत पाव्हण्यांना जेवणाआधी सांगतात.

उन्हाळाभर सुकन्या उदगीरला राहिली. प्रत्येक नळी ती किराणा दुकानातल्या तागडीवर तोलून घ्यायची आणि मगच वैजनाथच्या हातात द्यायची. वैजनाथ तिला घाबरून होते. सांगाडा उभा राहिला, इंजिन बसलं, आणि आषाढात तिला हैदराबादच्या एका लहान विमानं बनवणाऱ्या कंपनीत सहा महिने शिकायला जावं लागलं. तिथल्या मुख्य इंजिनिअर लुंबिनी सोनकांबळे जानेवारीत विमान बघायला येणार होत्या. विमान कागदाबरहुकूम निघालं, तर कंपनी ते पुढं नेणार होती, सुकन्याच्या नावासकट. नाही निघालं, तर तिनं दुसऱ्या कुणाच्या तरी विमानाचे नट मोजत बसायचं. एवढी साधी गोष्ट होती.

जाताना तिनं उरलेली कामं वैजनाथना समजावली. मग माझ्याकडं वळली. दर शनिवार-रविवार मी उदगीरला जाऊन देखरेख करायची, असं ठरलं होतं.

"बाबा, तुम्हाला एकच काम. कुणी काहीही लावू म्हणालं, तर नाही म्हणायचं."

मी मान हलवली. आमच्या कार्यालयात कुणी कुणाला नाही म्हणत नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही माणूस नकार घेऊन गेलेला नाही. तो 'बघू' घेऊन जातो. 'बघू' ही फार सोयीची चीज आहे. अर्जदार हसत जातो, साहेब दुखावत नाहीत, आणि फाईल आहे तिथंच राहते. अडचण एवढीच, की फाईल जागची हलत नाही आणि लोखंड हलतं. उदगीरला 'बघू' म्हटलं की वेल्डिंग सुरू होतं, हे मला पहिल्याच शनिवारी दिसलं.

वैजनाथ सांगाड्याजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी एका नळीवर नख वाजवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "साडूभाऊ, एक सांगू का. असली नळी मी पलंगाला बी लावीत न्हाई."

मी म्हणालो, सुकन्यानं तसंच सांगितलंय.

"पोर हुशार हाय, न्हाई कोण म्हणून राहिलं? पण उद्या काही झालं तर लोकं काय म्हणतील? वैजनाथचं वेल्डिंग सुटलं म्हणतील. नळीला कोण नाव ठेवणार हाय? दोन अँगल टाकू. लई न्हाई, दोनच."

"बघू," मी म्हणालो. शब्द पूर्ण व्हायच्या आत निळा उजेड पडला आणि मला डोळे मिटावे लागले. नंतरच्या सहा महिन्यांत मी डोळे बऱ्याचदा मिटले, पण त्यातलं वेल्डिंगमुळं मिटलेलं फार थोडं.

दुसऱ्या शनिवारी वैजनाथच्या आई, साखराबाई, वर्कशॉपात आल्या. वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी कापडी पट्ट्यांचं सीट हातानं दाबून पाहिलं आणि विचारलं, "पाव्हणं, हे कुणाला बसायला केलं?" मी म्हणालो, मला. त्या थोडा वेळ माझ्याकडं, मग सीटकडं बघत राहिल्या. जावयाच्या मानाचा माणूस असल्या झोळीत बसणार, लोकं काय म्हणतील, सुनेच्या माहेरची माणसं काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग टेम्पोची सीटं बनवणाऱ्या उदगीरच्या एका कारागिरानं स्प्रिंग, काथ्या आणि लाल रेक्झिन वापरून दोन सीटं केली. बसून बघितलं. आराम होता, हे मान्य केलं पाहिजे. मला झोप लागली.

मग रीतच पडली. जो येईल तो विमानाला हात लावायचा, हलवून बघायचा, आणि ते हललं की वाईट तोंड करायचा. आपल्याकडं वस्तू हलली की ती वाईट. शेजारच्या तेलमिलवाल्यांनी तळाला बसच्या पायरीला असतो तसला उंचवट्यांचा जाड पत्रा सुचवला, पाय घसरू नये म्हणून. कुणी म्हणालं, उदगीरची काळी माती चाकाला धरते, मडगार्ड पाहिजेतच. मडगार्ड आले, मग त्यांच्यामागं रबरी झालरी आल्या. रेणुकाच्या भावानं फोनवरून सामान कुठं ठेवणार विचारलं, म्हणून वरती जीपसारखं कॅरिअर आलं. पुढं गार्ड आलं. "पुढून म्हैस आली तर?" हा प्रश्न एका समंजस माणसानं विचारला होता, आणि हवेत म्हैस येत नाही हे उत्तर मला दोन दिवसांनी, लातूरच्या बसमध्ये सुचलं.

प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा. "दोन-चार किलोनं काय होतं?" आणि प्रत्येकाचे दोन-चार किलो त्या साठांतूनच जायचे. गायरानावर बेचाळीस बिऱ्हाडं बसली, तरी प्रत्येक बिऱ्हाडाच्या मते मोकळी जागा अजून पुष्कळ होती.

यात शासनाचाही हातभार लागला, हे कृतज्ञतेनं नोंदवतो. वर्कशॉपपासून पलीकडच्या माळापर्यंत विमान रस्त्यानं न्यायचं, तर परवानगी असावी म्हणून मी एका कार्यालयात गेलो. कुठल्या, ते सांगत नाही. मी त्याच जातीचा आहे. तिथल्या कारकुनानं सहानुभूतीनं विचारलं, चाकं किती? मी म्हणालो, तीन. आसनं? दोन. त्यांनी पुस्तक चाळलं आणि विमान तीनचाकी प्रवासी वाहनात बसवलं, म्हणजे रिक्षात. विमानाचा रकाना त्यांच्याकडं नव्हता, आणि रकाना नसताना सोडून देणं किती अवघड असतं हे मी जाणतो. त्यानुसार दोन आरसे, लाल-पिवळे रिफ्लेक्टर, आग विझवायचं नळकांडं आणि लाकडी प्रथमोपचार पेटी लागली. दरपत्रक लावायची सूट मिळाली, साहेब ओळखीचे निघाले म्हणून.

भाद्रपदात रंग आला. वैजनाथच्या ट्रॉल्या रंगवणारे पेंटर आले आणि म्हणाले, पत्र्यावर खड्डे दिसून राहिलेत, आधी लांबी भरावी लागेल. लांबी म्हणजे रंगाआधी पत्र्यावर थापतात तो लगदा. वाळला की दगड. ती त्यांनी पंखांपासून शेपटीपर्यंत दोन हात थापली, घासली, वर तेलाच्या रंगाचे तीन थर दिले. एका बाजूला मोर काढला, दुसऱ्या बाजूला कमळं. शेपटीवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' आपोआप उमटलं, कुणी सांगितलं नव्हतं. वाचून मला भरून आलं. त्यातले वडील मी होतो.

दसऱ्याला अवजारांबरोबर विमानाची पूजा झाली. झेंडूचे हार घातले. वैजनाथ हात जोडून उभे होते, पण त्यांची नजर सारखी विमानाच्या मागच्या बाजूला जात होती. आरती संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटून राहिलंय. तीस वर्षांत त्यांच्या वर्कशॉपातून हूक नसलेली एकही वस्तू बाहेर पडलेली नाही.

"साडूभाऊ, बंद पडलं तर ओढायचं कशानं?"

मी म्हणालो, बघू. सात किलोंचा हूक होता.

आता शालीकडं येतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं. सुदर्शनभाऊ नावाचे आमच्याकडचे एक होतकरू पुढारी विमान बघायला आले. सोबत पत्रकार होते. सुदर्शनभाऊंनी विचारलं, "साहेब, विमान तुम्ही बनवून राहिले का?" याला उत्तर तीन शब्दांचं होतं: माझ्या मुलीनं बनवलं. मी म्हणालो, "आमच्याकडंच बनतंय." शासकीय भाषेत हे खोटं नाही. दुसऱ्या दिवशी माझा मडगार्डवर हात ठेवलेला फोटो आला आणि खाली 'लातूरच्या अवलिया अभियंत्याची गरुडझेप' असं छापून आलं. चौथ्या परिच्छेदात 'त्यांची कन्याही त्यांना मदत करते' असं होतं. मी ते कात्रण ऑफिसात नेलं. चौथा परिच्छेद दुमडून नेलं.

मग नांदेडचा सत्कार. निश्चयाचं वाक्य मी तिथंच बोललो. रेणुका पहिल्या रांगेत होती. भाषण संपेपर्यंत ती वाट बघत होती, हे मला स्टेजवरून दिसत होतं. कशाची, तेही कळत होतं. मी सगळ्यांचे आभार मानले. मंडप डेकोरेटरचेसुद्धा मानले. परतीच्या प्रवासात ती नांदेडपासून लोह्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती. लोह्याला म्हणाली, "तिचं नाव दोनदा तुमच्या ओठावर आलं होतं. मी बघितलं."

सत्कारात मला पितळ आणि काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. 'विमान निर्माते' असं लिहून खाली माझं नाव. ते घरी ठेवायला जागा होती. ते मी पुढच्या शनिवारी उदगीरला नेलं आणि वैजनाथना विमानात, सीटासमोर, दोन बोल्ट मारून बसवायला सांगितलं. ही एकच गोष्ट अशी, जी कुणी सुचवली नव्हती आणि जिला मी 'बघू' म्हणालो नव्हतो.

सुकन्या दर रविवारी व्हिडिओ कॉल करायची. मी मोबाइल पंख्याच्या टोकाजवळ धरायचो. त्यापलीकडचं काही दिसू नये इतका जवळ. "बाबा, जरा मागं सरका ना." मी म्हणायचो, नेटवर्क नाही. एकदा तिनं विचारलं, "कुणी काही लावलं तर नाही ना?" माझ्यामागं वैजनाथ कॅरिअरला प्रायमर देत होते. मी म्हणालो, "तसं काही विशेष नाही."

जानेवारीत ती आली. लुंबिनी मॅडम येण्याच्या आदल्या दिवशी. वर्कशॉपच्या दारात ती पिशवी खांद्यावर घेऊनच उभी राहिली. वैजनाथ पुढं झाले, मोर दाखवला, हॉर्न वाजवून दाखवला. हॉर्न कधी आला हे मलाही माहीत नव्हतं. ती विमानाभोवती एक फेरी मारून आली. हूकपाशी थांबली, हूकला हात लावला, आणि मग माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, इथं जवळपास वजनकाटा कुठं आहे.

मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्याला वीरण्णांचा धर्मकाटा आहे. उदगीर परिसरातले शेतकरी त्याला धर्मकाटा म्हणताना थोडं थांबतात. सोयाबीनची गाडी त्या काट्यावर चढली की एखादं क्विंटल कमी होऊनच उतरते, अशी ख्याती आहे. सकाळी लुंबिनी मॅडम यायच्या आधी वैजनाथ आणि मी वीरण्णांकडं गेलो. वैजनाथनी हात जोडून सांगितलं, वीरण्णा, आज जरा कमी दाखवा.

वीरण्णा गल्ल्यावरून उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं मला वाटलं. "वीस वर्षांत कमी दाखवा म्हणून पहिलं गिऱ्हाईक आलं," ते म्हणाले. मग कानडीत होकार भरला, "हौदु, हौदु. घरचं काम समजा."

विमान ट्रॅक्टरला जोडून आणलं. हूक त्या दिवशी उत्तम चालला, हे वैजनाथनी दोनदा बोलून दाखवलं. लुंबिनी मॅडम आल्या, साध्या सुती ड्रेसमध्ये, पस्तिशीच्या. हदगाव तालुक्यातल्या एका गावातल्या. नमस्कार झाला. त्यांनी मोर बघितला, कमळं बघितली, शेपटीवरचा आशीर्वाद वाचला, आणि काट्याकडं हात केला. ट्रॅक्टर सोडवून सहा जणांनी विमान काट्यावर ढकललं.

आकडा आला पाचशे तीस.

वैजनाथनी माझ्या पाठीवर थाप मारली. "सहाशेच्या आत हाय. सत्तर किलो अजून बाकी."

"काका," सुकन्या म्हणाली, "हे रिकामं आहे."

थोडा वेळ कुणाच्याच लक्षात आलं नाही. मग एकेकाच्या चेहऱ्यावर आलं. माणसं बसायची होती, पेट्रोल भरायचं होतं. रिकामं तीनशे वीस भरायला हवं होतं. म्हणजे काटा मारूनही आम्ही नापास होतो.

लुंबिनी मॅडम आकड्याकडंच बघत होत्या. मग खिडकीतून आत वाकून म्हणाल्या, "मामा, आता खरा काटा लावा. माझ्या वडलांनी वीस वर्षं सोयाबीन घातलंय असल्या काट्यावर."

वीरण्णा ओशाळले नाहीत. "लावतो की, ताई," ते म्हणाले. "पण लई दिवसांनी लावून राहिलो. जरा टाइम लागंल."

खरा आकडा आला सहाशे तीस. तीनशे दहा किलो आम्ही प्रेमानं लावले होते. कुणीही न बसता, थेंबभर पेट्रोल न घालता, जागेवर उभं असलेलं आमचं विमान नियमापेक्षा तीस किलोंनी जड होतं. काट्यावर सोयाबीनच्या दोन गाड्या खोळंबल्या होत्या. त्यांतल्या एका ड्रायव्हरनं विचारलं, हे नांगरतं का?

"कागदावरचं वजन मी तपासलंय," लुंबिनी मॅडम म्हणाल्या. "कागद बरोबर आहे. मग हे सगळं कुणी लावलं?"

वैजनाथनी हूककडं बघितलं. मी आकड्याकडं बघितलं. आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, छोटं होतं, आणि या वेळी मंडप डेकोरेटर नव्हता. कागद तिचा आहे, लोखंड माझं आहे. एवढंच.

माझ्या आधी सुकन्या बोलली. आवाज अगदी साधा होता, जसं बाबांना साखर चालत नाही असं पाहुण्यांना सांगावं.

"बाबांना नाही म्हणता येत नाही, मॅडम."

लुंबिनी मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांना काहीतरी ऐकायचं होतं. वीरण्णांना ऐकायचं होतं. सोयाबीनच्या ड्रायव्हरनंसुद्धा इंजिन बंद केलं.

"बघू," मी म्हणालो, "काय करता येतं."

मॅडमनी कागदाची गुंडाळी सुकन्याच्या हातात दिली आणि तिलाच सांगितलं, कागदावर जे नाही ते सगळं काढ. पंधरा दिवसांनी मी परत येते. जाताना नमस्कार केला, तो वीरण्णांना.

पंधरा दिवस मी रजा टाकली. अर्जात कारण 'घरगुती' लिहिलं. सुकन्या पान्यानं एकेक वस्तू काढायची, तागडीवर टाकायची आणि भिंतीवर खडूनं वजन लिहायची. कॅरिअर. गार्ड. मडगार्ड. आरसे. लाल सीटं निघाली तेव्हा साखराबाई दारातून म्हणाल्या, "पाव्हणं आता कशावर बसणार?" वैजनाथनी स्वतःचे अँगल स्वतः कापले. कापताना ते एखाद्या नातेवाइकाला पोचवून आल्यासारखे दिसत होते. हूक त्यांनी शेवटी ठेवला. लांबी तेवढी पुरती निघेना. मी चार दिवस सँडपेपर घेऊन मोर घासत होतो. मोराचा पिसारा गेला, पाय शेवटपर्यंत राहिले.

सीटासमोरचं सन्मानचिन्ह सुकन्याला अकराव्या दिवशी दिसलं. मी तिथंच उभा होतो. तिनं ते वाचलं. वाचायला फार नव्हतं, दोन ओळी. मग दोन बोल्ट काढले, तागडीवर ठेवलं आणि भिंतीवर लिहिलं: दोन किलो तीनशे. कुणी लावलं हे बाकी सगळ्या वस्तूंपुढं तिनं लिहिलं होतं. या एका वस्तूपुढची जागा मोकळी ठेवली. पदरानं पुसावं तसं ओढणीनं पुसून ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे घरी न्या, बाबा."

मी खडू घेतला आणि मोकळ्या जागेत माझं नाव लिहिलं. तिनं बघितलं की नाही, मला माहीत नाही. ती पंखाखाली होती. मॅडम आल्या तेव्हा भिंतीसमोर मात्र बराच वेळ उभ्या राहिल्या.

विमान तीनशे बेचाळीस किलोंवर आलं. बावीस किलो लांबी आणि मोराचे पाय. ट्रकवर घालून ते हैदराबादला गेलं. कंपनीनं सुकन्याला नोकरीवर घेतलं आणि विमानावर तिचं नाव राहिलं. तिला दिलेल्या कामाबद्दल मी रेणुकाकडून ऐकलं. कंपनीत विमानावर कुणी काहीही वाढवू म्हणालं की कागद आधी तिच्या टेबलावर येतो, आणि तिनं बहुतेकांना नाही म्हणायचं असतं. ती फार चांगलं म्हणते, असं मॅडम सांगत होत्या.

एप्रिलमध्ये पहिल्या उड्डाणाला आम्हाला बोलावणं आलं. हैदराबादच्या बाहेर एक छोटी धावपट्टी आहे. मी नवीन सफारी शिवून घेतला होता. वैजनाथ, साखराबाई, रेणुका, सगळे आले होते. दुसरं सीट, कापडी पट्ट्यांचं, रिकामं होतं. मी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. मी मागितलं नव्हतं, पण सफारी बोलत होता.

सुकन्यानं हातातली पाटी बाजूला ठेवली आणि मला तिथल्या काट्यावर उभं केलं. काटा खरा होता. एक्क्याण्णव भरलो. सहा किलो सत्काराचे असावेत. त्या दिवसांत जेवणं बरीच झाली होती.

"सुकन्या," मी हळू आवाजात म्हणालो, "लांबी धरूनसुद्धा ते साठांतले अडतीस अजून शिल्लक आहेत ना? माझे सहाच वाढलेत. सहा किलोनं काय होतं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही.

"नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या सीटवर पंच्याऐंशी किलो वाळू बसवली, दोन पोत्यांत, पट्टा लावून. विमान अकरा मिनिटं उडालं.